पियानोचे पहिले सहा महिने: हाताला वळण कसं लावायचं

पियानो शिकायला बसलेल्या नवख्या माणसाचं सहसा असं होतं. तो आवडीचं एक गाणं ठरवतो, त्याचा व्हिडिओ लावतो आणि कोणती पट्टी कधी दाबायची ते पाहून पाठ करतो. सुरुवातीची एक ओळ दोन-तीन दिवसांत येते, घरचे कौतुकही करतात. मग डावा हात सुरू होतो आणि गाडी रुतते. महिनाभर तेवढंच वाजत राहतं, तेही अडखळत आणि दर वेळी नेमक्या त्याच जागी चुकत. शेवटी ‘आपला हातच तसा नाही’ असं म्हणून वाद्यावर कापड टाकलं जातं.

बिचाऱ्या हाताचा यात काहीच दोष नसतो. हात फार आज्ञाधारक असतो, जे पहिल्यांदा जसं केलं ते तो घट्ट धरून बसतो. एखाद्या सुरावर चुकीचं बोट पाच वेळा गेलं की सहाव्यांदा तेच बोट आपसूक पुढे येतं, आणि मग ते मोडायला शिकण्याच्या दुप्पट कष्ट पडतात. त्यामुळे सुरुवातीला रोज स्वतःला एकच विचारायचं: आज हाताखालून जे गेलं ते बरोबर गेलं का? ते बरोबर जावं यासाठी ते पुरेसं सोपं आणि पुरेसं सावकाश असावं लागतं. पुढचं सगळं या एका हिशेबाने लिहिलं आहे.

वाद्य कोणतं घ्यावं

पूर्ण पियानोला 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. पहिल्या सहा महिन्यांत त्यातल्या मधल्या चार सप्तकांपलीकडे तुम्ही क्वचितच जाल. त्यामुळे 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घरात असेल तर त्यावरच सुरू करा, नव्याची वाट पाहत बसू नका. मात्र एक गोष्ट त्यात हवीच: पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि जोरात मारली तर मोठा यायला हवा. सन 1700 च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने तारा छेडण्याऐवजी त्यांवर हातोडी मारणारी यंत्रणा बसवली ती यासाठीच, की आवाजाचा लहान-मोठेपणा वाजवणाऱ्याच्या बोटात यावा. हे ज्या कीबोर्डवर होत नाही त्यावर तुम्ही पट्ट्यांच्या जागा शिकाल, पियानो शिकणार नाही.

नवीन घेणार असाल तर 88 वजनदार पट्ट्यांचा (म्हणजे दाबायला तारांच्या पियानोसारख्या जड) डिजिटल पियानो बहुतेकांना सोयीचा पडतो. हेडफोन लावता येतो, त्यामुळे रात्री उशिरा वाजवलं तरी कुणाची झोप मोडत नाही. तारांच्या पियानोची सर त्याला येत नाही हे खरं, पण तारांचा पियानो वर्षातून एक-दोनदा सुरात लावून घ्यावा लागतो आणि हवेतल्या दमटपणाचा त्याच्यावर परिणाम होतो. जुना, बेसूर झालेला पियानो फुकट मिळत असेल तरी नवशिक्याने घेऊ नये. कान तयार होण्याच्या दिवसांत चुकीचे सूर ऐकणं म्हणजे चुकीचं बोट वापरण्याइतकंच वाईट.

स्टँड डुगडुगणारा नको. आणि जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवून वाजवणं पहिल्याच दिवशी बंद करा, कारण पुढच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे.

बसायचं कसं, हात ठेवायचा कसा

बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. हात पट्ट्यांवर ठेवल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यायला हवं. टेबलावरच्या कीबोर्डला ते खाली राहतं, मग खांदे उचलले जातात, मनगट दुमडतं आणि अर्ध्या तासात मान भरून येते. खुर्ची ठेंगणी असेल तर घट्ट घडी घातलेलं जाड पांघरूण खाली घ्या. अंतर बघायला दोन्ही हात मुठी करून समोर सरळ धरा. मुठी पट्ट्यांच्या मागच्या उभ्या फळीला जेमतेम टेकल्या की अंतर बरोबर.

आता हात बाजूला सैल सोडा आणि बोटांकडे बघा. ती आपोआप थोडी वळलेली असतात. तोच आकार न बिघडवता हात उचलून पट्ट्यांवर आणा. बोटं टोकाजवळच्या मांसल भागावर टेकतात, अंगठा मात्र आडवा, नखाच्या कडेवर. नखं वाढलेली असतील तर हे जमत नाही. पट्टीवर टिकटिक ऐकू आली की नेलकटर घ्यायचा.

नवशिक्यांमध्ये एक खोड हटकून दिसते. पट्टी दाबताना बोटाचं शेवटचं पेर आत मोडतं, म्हणजे कमान तुटून बोट उलटं वाकतं. चौथ्या आणि पाचव्या बोटाचं जास्त. यावर जोर लावून उपाय होत नाही. टेबलावर हात ठेवून एकेक बोट सावकाश टेकवा आणि कमान टिकते का ते नुसतं बघा. दोन-तीन आठवडे रोज दोन मिनिटं एवढं केलं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट समजून घेतली की हातातला निम्मा ताण जातो. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते, पण हातोडी तारेवर आदळण्याच्या किंचित आधीच यंत्रणेतून सुटलेली असते. सूर एकदा उमटला की त्यानंतर तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा, आवाजात काही फरक पडत नाही. पट्टी सोडेपर्यंत सूर टिकतो, एवढंच. म्हणून पट्टी खाली गेली की त्याच क्षणी हात ढिला सोडायचा, फक्त ती वर येणार नाही इतपत बोट ठेवायचं. पेटी वाजवलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं. पेटीत सूर भात्याच्या हवेवर चालतो आणि पट्टी दाबण्याच्या जोराने आवाज बदलत नाही, त्यामुळे बोटाला हळू-जोराचा फरक करायची सवयच नसते.

मनगट किंवा हाताच्या मागच्या भागात दुखायला लागलं तर थांबा. दुखणं सोसून वाजवण्यात काही मर्दुमकी नाही.

पट्ट्यांचा नकाशा

पांढऱ्या पट्ट्या मोजत बसू नका, काळ्यांकडे बघा. त्या दोनच्या आणि तीनच्या गटांत असतात आणि हीच रचना पुन्हा पुन्हा येते. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी, पेटीवाल्यांची पांढरी एक. दोन काळ्यांच्या मधली डी. तीन काळ्यांच्या लगेच डावीकडची एफ. उरलेल्या ई, जी, ए, बी या त्यांच्या आजूबाजूने लागतात. डोळे मिटून हात फिरवा, काळ्यांचा गट चाचपा आणि सांगा कुठली पट्टी. चार दिवसांत पट्ट्यांवर स्टिकर चिकटवण्याची गरज उरत नाही. चिकटवले असतील तर काढून टाका, नाहीतर डोळे कायम तिथेच खिळतात.

मधला सी ओळखून ठेवा: 88 पट्ट्यांवर डावीकडून चौथा सी, 61 पट्ट्यांच्या नेहमीच्या कीबोर्डवर तिसरा. बोटांना आकडे असतात, दोन्ही हातांना सारखेच: अंगठा 1, करंगळी 5. तबलजीला बोल जसे, तसे पियानोवाल्याला हे आकडे.

पहिले पंधरा दिवस

बहुतेक पुस्तकं पाच बोटं सलग पाच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवून सुरुवात करतात. वाचायला ते सोपं, हाताला तितकंसं नाही, कारण मधली बोटं लांब आणि अंगठा-करंगळी आखूड. संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांचा हात वेगळ्या तऱ्हेने ठेवायचा: उजवा अंगठा ई वर, 2, 3, 4 ही लांब बोटं तीन काळ्यांवर आणि करंगळी बी वर. लांब बोटांना उंच पट्ट्या मिळतात आणि हात आपसूक योग्य आकारात येतो. डाव्या हातासाठी हीच मांडणी आरशात पाहिल्यासारखी करता येते: अंगठा सी वर, लांब बोटं त्याच तीन काळ्यांवर, करंगळी खाली एफ वर. रोज सुरुवातीला दोन-तीन मिनिटं प्रत्येक हाताने ही पाच बोटं एकामागून एक, अगदी सावकाश वाजवा. आधी हळू, मग मोठ्याने, मग हळूकडून मोठ्याकडे.

नंतर पांढऱ्यांवर या. उजवा अंगठा मधल्या सी वर ठेवला की पाच बोटांखाली सी, डी, ई, एफ, जी येतात. सी ला सा मानलं तर सा रे ग म प. एवढ्यात वाजणाऱ्या धुना शोधा. बेटोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली, 1824 मध्ये पहिल्यांदा वाजलेली आनंदगीताची धून यासाठी अगदी सोयीची आहे. पहिली ओळ अशी: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. बोटं: 3 3 4 5, 5 4 3 2, 1 1 2 3, 3 2 2. दुसरी ओळ तशीच, फक्त शेवट रे सा सा, म्हणजे 2 1 1. दोन ओळींसाठी हात जागचा हलवावा लागत नाही. शेवटच्या तीन सुरांत पहिला दीड मात्रेचा, दुसरा अर्ध्या मात्रेचा, तिसरा दोन मात्रांचा. वाजवण्याआधी ते तोंडाने म्हणून टाळी द्या. तोंडाने जे म्हणता येत नाही ते बोटं वाजवत नाहीत.

वाचायला कधी शिकायचं

पहिल्या महिन्यातच. ‘आधी वाजवायला येऊ दे, वाचन नंतर’ हा सल्ला ऐकायला गोड वाटतो, पण सहा महिन्यांनी हात पुढे गेलेले असतात आणि डोळे बालवाडीत. मग सोपं वाचायचा कंटाळा येतो आणि अवघड वाचता येत नाही.

पियानोच्या स्वरलिपीत पाच रेघांचे दोन संच एकाखाली एक असतात. वरचा ट्रेबल क्लेफचा (क्लेफ म्हणजे संचाच्या सुरुवातीला काढलेली खूण), बहुधा उजव्या हातासाठी, आणि खालचा बेस क्लेफचा, डाव्यासाठी. मधला सी या दोहोंच्या मध्ये, स्वतःच्या छोट्या रेघेवर असतो. आता दोन्ही अंगठे एकाच मधल्या सी वर ठेवा आणि बोटं दोन्हीकडे पसरू द्या. उजवी करंगळी जी वर जाईल, डावी करंगळी एफ वर. ट्रेबल क्लेफचं वेटोळं ज्या रेघेभोवती फिरतं ती नेमकी हीच जी, आणि बेस क्लेफचे दोन ठिपके ज्या रेघेच्या खाली-वर असतात ती हीच एफ. म्हणजे हे तीन सूर तुमच्या हाताखाली आहेत आणि कागदावर त्यांच्या खुणाही छापलेल्या आहेत. बाकीचं सगळं या तिघांपासून वर-खाली मोजत वाचायचं. रेघेवरून शेजारच्या जागेत गेलं तर शेजारची पट्टी, रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलं तर मधली एक सोडून. रेघांच्या अक्षरांची घोकंपट्टी करण्यापेक्षा हे चढ-उतार ओळखणं फार लवकर कामी येतं.

रोज चार-पाच बार (दोन उभ्या रेघांमधला तुकडा म्हणजे एक बार) नवीन वाचा, कालपेक्षा सोपे असले तरी चालेल, आणि एकदा वाजवून सोडून द्या. पाठ झालेलं पुन्हा बघणं म्हणजे वाचन नव्हे. रंगीत पट्टे वरून पडतात आणि आपण त्या त्या पट्ट्या दाबतो, अशी ॲप्स करमणुकीला ठीक आहेत. त्यांवर वर्षभर घालवलेल्याला समोर कागद ठेवला की काहीच येत नाही.

चार बार बसवायचे कसे

रोज वीस मिनिटं बसणारा, रविवारी तीन तास बसणाऱ्याच्या पुढे जातो. हाताची शिकवण दोन बैठकांच्या मधल्या वेळात, विशेषतः झोपेत, मुरते. म्हणूनच काल न जमलेली जागा आज सकाळी अचानक सुटते. जास्त वेळ असेल तर दिवसातून दोनदा बसा.

नवीन तुकडा घेताना आधी पट्ट्यांना हात लावू नका. कागद बघा, टाळी देत लय म्हणा, कुठल्या सुराला कुठलं बोट ते पेन्सिलीने लिहा आणि एकदा ठरलं की बदलू नका. मग फक्त उजवा हात, पण एकाच बारपुरता आणि पुढच्या बारच्या पहिल्या सुरापर्यंत. हा जास्तीचा एक सूर महत्त्वाचा. तो न घेता प्रत्येक बार सुटा बसवला तर हाताला बारच्या रेघेपाशी थांबायची सवय लागते आणि जोडताना तिथेच ठेच लागते.

वेग इतका कमी ठेवा की चूक व्हायला जागाच राहणार नाही. मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) असेल तर मिनिटाला 60 ठोक्यांवर, आणि तेही जड जात असेल तर एका सुराला दोन ठोके द्या. सलग तीन-चार वेळा बिनचूक आणि हात सैल ठेवून वाजलं की चारने वाढवा. चुकलं तर चुकलेला सूर तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे पळू नका, ही सवय सर्रास दिसते. अशाने हात चूक, दुरुस्ती, पुढे, असा तीन पावलांचा नाच पाठ करतो. थांबा, चुकीच्या दोन सूर आधी जा, आणखी सावकाश करा.

आणि दर वेळी सुरुवातीपासून सुरू करू नका. तसं केलं की पहिली ओळ शंभर वेळा वाजते आणि शेवटची पाच वेळा. शेवटचा बार आधी बसवा, मग त्याच्या आधीचा. असं मागून पुढे आलं की वाजवताना आपण कायम ओळखीच्या मुलखाकडे जात असतो.

फोनवर रेकॉर्ड करून ऐका, आठवड्यातून एकदा पुरे. वाजवताना लय अगदी पक्की वाटते. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळतं की सोप्या जागी आपण पळतो आणि अवघड जागी रेंगाळतो.

दोन हात एकत्र

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. दोन्ही हात स्वतंत्रपणे येतात, एकत्र आणले की दोघेही काही येत नसल्यासारखे वागतात. हे अगदी साहजिक आहे, कारण दोन हात एकत्र हे हाताला तिसरंच, नवं काम असतं. त्याचा वेग पुन्हा शून्यावरून सुरू करायचा.

त्याच आनंदगीतावर करून बघा. डाव्या हाताची करंगळी मधल्या सी च्या खालच्या सी वर ठेवा, म्हणजे अंगठा जी वर येतो. पहिल्या बारला सी, दुसऱ्याला जी, तिसऱ्याला सी, चौथ्याला जी, प्रत्येक सूर चार मात्रा धरून. दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या बारला जी दोन मात्रा आणि सी दोन मात्रा. तो शेवटचा बार सोडला तर डावा फक्त बारच्या पहिल्या मात्रेला हलतो, तेव्हा लक्ष तेवढ्याच क्षणावर ठेवायचं. आधी उजव्याने वाजवत डाव्याने मांडीवर ठोका द्या, मग उलट करा, मग दोन्ही पट्ट्यांवर.

हे जमलं की डाव्या हाताला कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेले तीन सूर, द्या. तीन कॉर्डनी कितीतरी गाणी निघतात: सी, एफ आणि जी सेव्हन. उड्या मारत न जाता जवळच्या जवळ वाजवायची युक्ती अशी: सी साठी सी-ई-जी, बोटं 5-3-1. एफ साठी सी जागेवरच, सी-एफ-ए, बोटं 5-2-1. जी सेव्हनसाठी करंगळी एकच पाऊल खाली, बी-एफ-जी, बोटं पुन्हा 5-2-1. कुठलंच बोट एका पट्टीपलीकडे सरकत नाही.

स्केल आणि पेडल

सी मेजर स्केलची, म्हणजे सी पासून पुढच्या सी पर्यंतच्या आठ पांढऱ्या पट्ट्यांची, उजव्या हाताची बोटं चढताना 1 2 3 1 2 3 4 5, डाव्याची 5 4 3 2 1 3 2 1. यातली एकमेव अवघड जागा अंगठा खालून सरकण्याची. तिसरं बोट वाजत असतानाच अंगठा तळव्याखालून निघालेला हवा. ऐन वेळी कोपर झटकून तो आणला तर त्या सुरावर धक्का ऐकू येतो. नुसतं ई-एफ, ई-एफ, 3-1, 3-1 करत बसा. पूर्ण सप्तक एकाच हाताने, दिवसाला पाच मिनिटं. दोन्ही हातांनी स्केल करायची घाई पहिल्या तीन महिन्यांत नको, कारण दोघांचे अंगठे वेगवेगळ्या वेळी सरकतात.

उजवं पेडल दाबलं की बोट उचललं तरी सूर वाजत राहतो आणि सगळंच वाजवणं एकदम भारदस्त वाटतं, म्हणून ते उशिरा हातात, म्हणजे पायात, घ्यावं. साधारण चौथ्या महिन्यानंतर. टाच जमिनीवर, पुढचा तळवा पेडलवर. कॉर्ड बदलताना नवी कॉर्ड वाजली त्याच क्षणी पाय वर आणि लगेच पुन्हा खाली. हात खाली जाताना पाय वर येतो, ही उलटी चाल आधी विचित्र वाटते. सी कॉर्ड आणि एफ कॉर्ड आलटून पालटून, चार-चार मात्रा, एवढ्यावरच सराव करा. दोन कॉर्ड एकमेकींत मिसळून गढूळ ऐकू आल्या तर पाय उशिरा उठतोय, मध्ये पोकळी ऐकू आली तर लवकर.

शिक्षक, आणि गाण्यांची निवड

शक्य असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तरी प्रत्यक्ष शिक्षक घ्या, भले पुढे स्वतःचं स्वतः करा. व्हिडिओ तुम्हाला सगळं दाखवतो, पण तुमचे उचललेले खांदे त्याला दिसत नाहीत. शिक्षक निवडताना एवढंच बघा, की तो तुमच्या हाताकडे बघतो की नुसते सूर बरोबर आले का ते ऐकतो. परीक्षांच्या ग्रेड ज्यांना समोर काही ठेवल्याशिवाय अभ्यास होत नाही त्यांना उपयोगी; बाकीच्यांनी त्यात पडलं नाही तरी काही अडत नाही.

तुकडा निवडायची कसोटी सोपी आहे. पहिल्यांदा कागद ठेवून, कितीही सावकाश का होईना, एक हात जवळजवळ न थांबता वाचता आला तर तो तुमच्या आवाक्यातला. आठवडा-दोन आठवड्यांत बसेल असेच तुकडे घ्या. सहा महिने एकाच अवघड तुकड्यावर घालवण्यापेक्षा तेवढ्यात वीस सोपे बसवलेले बरे, कारण प्रत्येक नव्या कागदाबरोबर डोळे, कान आणि बोटं तिन्ही नव्याने कामाला लागतात. आवडीचं ते मोठं गाणं हवंच असेल तर त्याची सोपी केलेली आवृत्ती मिळवा आणि मूळ कागद ड्रॉवरमध्ये ठेवा. दर दोन महिन्यांनी तो काढून वरच्या कसोटीवर लावून बघायचा. ज्या दिवशी उजवा हात न अडखळता वाचला जाईल त्या दिवशी घ्यायला हरकत नाही.